कचेरीतील लबाडी आणि नेतृत्वाची जबाबदारी

कचेरीत किंवा कारखान्यात जी लबाडी चालते, तिच्याबद्दल बोलताना दोन सोपी उत्तरे नेहमीच तयार असतात. मालकपक्षाचे उत्तर असे की, माणसे मुळातच कामचुकार आणि लोभी असतात. त्यांच्यावर नजर ठेवली, वेळोवेळी दंड केला आणि अधूनमधून नीतिमत्तेचे वर्ग भरवले की ती सरळ चालतात. आपल्यापैकी अनेकांचे उत्तर असे की, खासगी मालकी हेच साऱ्याचे मूळ असून ती नष्ट झाली की खोटे आकडे, चहाड्या, लावालावी, अनागोंदी हे सारे आपोआप गळून पडेल. पहिले उत्तर सरळसरळ चुकीचे आहे. दुसऱ्यात मोठे सत्य आहे, परंतु ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आपल्या चळवळीने यापूर्वी मोजलेली आहे.

मालकी आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये जी साखळी असते, तिला नेतृत्व म्हणतात. अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतूनही ‘जबाबदार नेतृत्व’ हा शब्दप्रयोग फार रूढ झाला आहे. अनुवादाचे काम करणाऱ्यास असला मजकूरही प्रसंगी वाचावा लागतो. त्यात एक गोष्ट सतत खटकते. वरिष्ठ सचोटीने वागले की कनिष्ठही सचोटीने वागतात, असे हे ग्रंथ सांगतात. परंतु तो वरिष्ठ कोणाला जबाबदार, हा प्रश्न ते विचारीतच नाहीत. मराठीत मात्र तो प्रश्न शब्दातच बसलेला आहे. जबाबदार म्हणजे जबाब देणारा. मग हा जबाब कोणाला द्यायचा? वरच्याला, की खालच्याला? माझ्या मते कामाच्या ठिकाणी लबाडी माजते की ओसरते, हे मुख्यतः या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

हे विधान तपासून पाहण्यासाठी अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेच्या प्रकरणासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. तेथील सरकारी यंत्रणांचे आदेश, लॉस एंजेलिस शहराने केलेला दावा आणि खुद्द बँकेच्या संचालक मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला चौकशी-अहवाल हे सारे कागद उघड आहेत. त्यामुळे येथे तर्काला फारसा वाव उरत नाही.

८ सप्टेंबर २०१६ रोजी या बँकेला एकूण १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला. ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे सुमारे १५ लाख ठेव खाती आणि ५ लाख ६५ हजार क्रेडिट कार्ड खाती उघडली गेली असावीत, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी अधिक काळाची तपासणी झाली तेव्हा हा आकडा ३५ लाखांच्या घरात गेला. खात्यांबरोबर खोटे ई-मेल पत्ते तयार केले गेले, ग्राहकाच्या नकळत त्याच्या कार्डाला सांकेतिक क्रमांक दिले गेले, त्याच्या जुन्या खात्यातील पैसे क्षणभर नव्या खात्यात हलवून ते खाते ‘चालू’ असल्याचे दाखवले गेले. पाच वर्षांत बँकेने या कारणासाठी सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढून टाकले, आणि तरीही प्रकार थांबला नाही. एखाद्या कारखान्यातील यंत्राने एकाच तऱ्हेचा सदोष माल पाच वर्षे काढला, तर दोष मालात शोधायचा की यंत्रात, हे फिटरला शिकवावे लागत नाही. बँकेच्या वरिष्ठांना मात्र ते पाच वर्षांत उमगले नाही, असे आपण मानावे अशी त्यांची अपेक्षा होती.

यंत्र असे होते. प्रत्येक ग्राहक-कुटुंबाच्या गळ्यात बँकेची किमान आठ खाती किंवा सेवा बांधायच्या, असे लक्ष्य ठरवण्यात आले होते. आठच का? तर इंग्रजीतील ‘एट’ आणि ‘ग्रेट’ यांचे यमक जुळते म्हणून. ही थट्टा नव्हे. बँकेचे प्रमुख जॉन स्टंफ यांनीच २०१० च्या वार्षिक अहवालात हे कारण कौतुकाने नोंदवले होते. लक्षावधी माणसांच्या दैनंदिन कामाचे मोजमाप एका यमकावरून ठरले! एका कुटुंबामागे सरासरी किती सेवा विकल्या, हा आकडा दर तिमाहीस भागधारकांपुढे मांडला जाई आणि बाजारात त्यावरून बँकेची पत ठरे. हा प्रकार चालू असलेल्या काळात स्टंफ यांच्याजवळील भागांची किंमत २० कोटी डॉलरहून अधिक वाढली, हे सप्टेंबर २०१६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले.

वरच्या टोकाला असलेला हा आकडा खालच्या टोकाला कसा पोहोचत होता? लॉस एंजेलिस शहराच्या मे २०१५ मधील दाव्यात त्याचे वर्णन आहे. जिल्हा-व्यवस्थापक शाखांकडून दिवसातून चार वेळा, अकरा, एक, तीन आणि पाच वाजता, विक्रीचा हिशेब मागत. ज्याचा आकडा भरला नाही त्याला उशिरापर्यंत थांबवले जाई, सर्वांसमक्ष बोल लावले जात, नोकरीची धमकी मिळे. लॉस एंजेलिस टाइम्स या दैनिकाने डिसेंबर २०१३ मध्येच या शाखांतील हकिगती छापल्या होत्या. त्यांत एक अशी होती की, एका शाखेतील कर्मचाऱ्यांनी एका बेघर स्त्रीला सहा खाती उघडायला लावली आणि त्या खात्यांचे मिळून महिना ३९ डॉलर शुल्क तिच्यावर बसले. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईला बचत खाते, चालू खाते आणि त्यांचे शुल्क! पण फळ्यावर आकडा लिहिताना ती बेघर आहे की गिरणीमालकीण, याची नोंद कुठे होत होती?

आता लबाडीच्या सामाजिक परिणामाकडे पाहू. आकडा व्यक्तीगणिक मोजला जाऊ लागला की शेजारच्या खिडकीवरचा सहकारी हा प्रतिस्पर्धी होतो. जो खोटी खाती उघडतो त्याचा आकडा फुगतो. त्याच्याशी तुलना होऊन जो प्रामाणिक आहे तो ‘अकार्यक्षम’ ठरतो. म्हणजे प्रामाणिक माणसाला शिक्षा वरून मिळतेच, शिवाय ती त्याच्या सोबत्याच्या हातून मिळते. अशा ठिकाणी चहाडी, संशय, गटबाजी हे दुर्गुण कोणी पेरावे लागत नाहीत. ज्याला आपण अनागोंदी म्हणतो ती शिस्तीच्या अभावातून येते असा समज आहे. वेल्स फार्गोमध्ये शिस्त भरपूर होती. दिवसातून चार वेळा हिशेब घेणारी ती शिस्त होती. अनागोंदी त्या शिस्तीच्याच पोटी जन्मली.

वरिष्ठांना हे ठाऊक नव्हते काय? संचालक मंडळाच्या अहवालातून जे बाहेर आले ते यावर पुरेसा प्रकाश टाकते. २००२ साली विक्री-मोहिमेच्या वेळी कोलोरॅडोतील एका शाखेतील बहुतेक साऱ्या कर्मचाऱ्यांनी मिळून फसवणूक केल्याचे आढळले होते. २००४ साली बँकेच्याच अंतर्गत तपास-विभागाने एक टिपण तयार केले. २००० साली अशा फसवणुकीची ६३ प्रकरणे होती. २००४ च्या अखेरीस ती ६८० वर जातील असा त्यात अंदाज होता. आणि उपाय? विक्रीची लक्ष्ये कमी करावीत किंवा काढून टाकावीत, लक्ष्य न गाठल्यास नोकरी जाण्याची जी धास्ती आहे ती दूर करावी, अशी शिफारस होती. बारा वर्षे आधी रोगाचे निदान झाले होते, औषधही लिहून दिलेले होते. शिवाय या फसवणुकीसाठी बँकेत एक खास शब्द रूढ झाला होता; ‘खेळ करणे’ अशा अर्थाचा. शब्दांशी रोज झटापट करणाऱ्याला अशी गोष्ट चटकन जाणवते: ज्या कचेरीत खोटेपणासाठी स्वतंत्र पारिभाषिक शब्द तयार होतो, तेथे तो अपवाद उरलेला नसतो, तो कामाचा एक विभागच झालेला असतो.

नीतिमत्तेचे वर्गही होते. मूल्ये सांगणारी पुस्तिका होती. गैरप्रकार कळवण्यासाठी खास दूरध्वनी होता. त्यावर ज्यांनी तक्रार केली त्यांच्यापैकी काहींना नोकरी गमवावी लागली. एका माजी व्यवस्थापकाच्या बाबतीत तर अमेरिकेच्या श्रम खात्याने एप्रिल २०१७ मध्ये त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आणि ५४ लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. वर्गात कर्मचाऱ्याला सांगितले जाई, ग्राहकाच्या संमतीशिवाय खाते उघडू नकोस. शाखेत परतल्यावर सांगितले जाई, पाच वाजेपर्यंत आकडा आण. या दोन आज्ञांपैकी खरी कोणती, हे ओळखण्याइतकी अक्कल कोणत्याही पगारदार माणसाला असते. खरी आज्ञा ती, जिच्या भंगाने नोकरी जाते.

पुढची हकिगत थोडक्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेने दोष मान्य करून ३ अब्ज डॉलर भरले. स्टंफ ऑक्टोबर २०१६ मध्ये पायउतार झाले. २०२० मध्ये त्यांना १ कोटी ७५ लाख डॉलरचा दंड होऊन बँकिंग व्यवसायात मनाई झाली. शाखा-विभागाच्या प्रमुख कॅरी टोल्स्टेड यांनी तपासणीत अडथळा आणल्याचा गुन्हा २०२३ मध्ये कबूल केला. त्यांना तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेख आणि दंड अशी शिक्षा झाली. आणि २०१३ साली आपल्याकडे विक्रीचा जाच असल्याचे ठाऊक नाही असे वर्तमानपत्राला सांगणारे वित्तप्रमुख टिम स्लोन हेच स्टंफ यांच्या जागी बसवले गेले. त्यांनाही २०१९ मध्ये जावे लागले.

येथवर आपला वाचक मान डोलावेल. भांडवलशाही बँक, तीही अमेरिकेतील. दुसरे काय अपेक्षावे? पण त्याच २०१६ च्या सप्टेंबर महिन्यात आपल्या देशात जे उघडकीला आले ते पाहू.

२८ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधान जनधन योजनेचा प्रारंभ झाला. गरिबाला बँकेचे दार उघडे करणे ही मागणी आपण १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाच्याही आधीपासून करीत आलो आहोत, त्यामुळे योजनेच्या हेतूशी आपले भांडण नाही. परंतु पहिल्याच आठवड्यात १ कोटी ८० लाखांहून अधिक खाती उघडून जागतिक विक्रमाच्या पुस्तकात नाव नोंदवले गेले, तेव्हाच वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे कळायला हवे होते. पुढे टीका होऊ लागली की यांतील बहुसंख्य खाती रिकामी आहेत. मग दिल्लीहून तगादा सुरू झाला: रिकाम्या खात्यांचे प्रमाण कमी करा. आणि ते झपाट्याने कमी झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये चार खात्यांमागे तीन रिकामी होती. ऑगस्ट २०१६ अखेर चारामागे एकच उरले. इंडियन एक्स्प्रेसने माहितीच्या अधिकाराखाली आकडे मिळवले तेव्हा दिसले की, १८ सार्वजनिक बँका आणि त्यांच्या १६ प्रादेशिक ग्रामीण बँका मिळून १ कोटी ५ लाख खात्यांत बरोबर एक रुपया जमा होता.

हा रुपया खातेदाराने टाकलेला नव्हता. अनेकांना तो कुठून आला याचा पत्ताही नव्हता. शाखांतील कर्मचाऱ्यांनी त्या बातमीदारांना सांगितले की, रिकामी खाती कमी दाखवण्याचा दबाव होता. म्हणून कोणी उपाहारगृहाच्या किंवा कार्यालयाच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून, कोणी स्वतःच्या खिशातून एकेक रुपया भरला. त्या रुपयाची खातेदाराला गरज नव्हती, कारण खाते शून्य शिल्लक ठेवूनही चालू राहण्याची योजनेत तरतूदच होती. बँकेलाही गरज नव्हती. गरज होती ती दिल्लीतील एका तक्त्याला.

अमेरिकेतील खासगी बँकेचा कारकून आणि आपल्या राष्ट्रीयीकृत बँकेचा कारकून, दोघांनी नेमके तेच केले. एकाच्या डोक्यावर भागबाजार होता, दुसऱ्याच्या डोक्यावर मंत्रालय. एकाच्या लबाडीने ग्राहकाचे पैसे गेले, दुसऱ्याच्या लबाडीत कर्मचाऱ्याचे स्वतःचे गेले. हा फरक क्षुल्लक नाही आणि तो सार्वजनिक क्षेत्राच्या बाजूचाच आहे. शिवाय आपल्या कारकुनाच्या पाठीशी संघटना होती म्हणून त्याला हजारांनी घरी पाठवता आले नाही. तरीही खोटा आकडा तो खोटाच. नफ्याचा हेतू दूर केल्यानेच तो आटोक्यात येईल, असे मानणाऱ्याने या एक कोटी पाच लाख रुपयांचा हिशेब द्यायला हवा.

अधिक अप्रिय उदाहरण आपल्याच घरातले आहे, आणि ते टाळून हा विषय प्रामाणिकपणे पुढे नेता येणार नाही. मे १९५७ मध्ये ख्रुश्चेव यांनी मांस, दूध आणि लोण्याच्या दरडोई उत्पादनात अमेरिकेला थोड्याच वर्षांत गाठण्याची घोषणा केली. मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या र्‍याझान प्रदेशाचे पक्षचिटणीस अलेक्सेई लारिओनोव यांनी १९५९ साली राज्याला द्यावयाचे मांस एका वर्षात तिपटीने वाढवण्याची प्रतिज्ञा केली. ५० हजार टनांऐवजी १ लाख ५० हजार टन! वर्षअखेरीस ती पुरी झाल्याचे जाहीर झाले. लारिओनोव यांना ‘समाजवादी श्रमवीर’ ही सर्वोच्च पदवी मिळाली.

प्रत्यक्षात दुभती आणि पैदाशीची जनावरे कापण्यात आली होती. सामुदायिक शेतीवरील शेतकऱ्यांच्या परसातील गायी पावत्या देऊन ओढून नेल्या होत्या. तेही पुरेना तेव्हा शेजारच्या प्रदेशांतून मांस विकत आणून ते आपले म्हणून जमा केले होते. पुढच्या वर्षासाठी प्रतिज्ञा १ लाख ८० हजार टनांची होती. जमा झाले सुमारे ३० हजार. लारिओनोव सप्टेंबर १९६० मध्ये मृत्यू पावले. त्यांनी स्वतःच जीवन संपवले असे सर्वत्र सांगितले जाते. मे १९६१ मध्ये सोव्हिएत सरकारने खोटी आकडेवारी देणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. तरीही ही कीड गेली नाही. १९८० च्या दशकात उझबेकिस्तानात कापसाच्या उत्पादनाचे वर्षानुवर्षे फुगवलेले आकडे उघडकीला आले तेव्हा ती किती खोलवर गेली होती हे साऱ्या जगाने पाहिले.

र्‍याझानमध्ये भांडवलदार नव्हता, भागबाजार नव्हता. लारिओनोव लोभी होते असेही कोणी म्हणत नाही. त्यांचा जबाब मात्र फक्त वर जात होता. गाय कोणाच्या गोठ्यातून नेली त्या बाईला चिटणिसाला प्रश्न विचारण्याची जागा कुठेच नव्हती. आणि चिटणिसालाही ख्रुश्चेव यांना ‘हे शक्य नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. ज्या यंत्रणेत ‘शक्य नाही’ हे वाक्य गुन्हा ठरते तेथे ‘पूर्ण झाले’ या वाक्याला काही किंमत उरत नाही. शत्रूंनी या प्रकरणांचा आपल्याविरुद्ध वापर केला म्हणून आपण त्यांकडे पाठ फिरवणे हा कोता विचार झाला. ती आपली शिकवणी आहे, महाग पडलेली.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्याच चळवळीचे आहे. बिडी-उद्योग निपाणी, सोलापूर, सिन्नर, गोंदियाच्या वाचकांना ठाऊक आहे. तेंडूची पाने कमी द्यायची किंवा फाटकी द्यायची, त्यांतून ठरलेल्या संख्येच्या बिड्या मागायच्या, तयार बिड्यांतल्या काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी द्यायची नाही; बाजूला काढलेल्या बिड्या पुढे कुठे जातात ते विचारायचे नाही. हा कारखानदार-ठेकेदारांचा जुना धंदा. मग बिडी वळणारी बाईही तंबाखू कमी भरून, पाने वाचवून कसेबसे तोंड मिळवते आणि लबाड ठरते. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याला कच्चा माल, नाकारलेली बिडी आणि तिची मजुरी यांवरील तंट्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली, यावरूनच रोजच्या झगड्याचे स्वरूप कळते.

हा कायदा केरळात लागू करण्याची वेळ आली तेव्हा मंगळूरच्या गणेश बिडीसारख्या कारखानदारांनी १९६८ मध्ये कण्णूर भागातील कामच बंद केले आणि सुमारे १२ हजार कामगार रस्त्यावर आले. त्यांतून फेब्रुवारी १९६९ मध्ये केरळ दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सुमारे ३ हजार कामगारांनिशी तिने सुरुवात केली. १९८० च्या दशकात ही संख्या ३० हजारांवर गेली होती. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, पगारी सुट्या, बाळंतपणाची रजा या ज्या गोष्टी दिल्यास उद्योग बुडेल असे मालक सांगत होते, त्या देऊन ती संस्था चालली.

पानाची आणि बिडीची तपासणी तेथेही होती. किंबहुना माल उत्तम असल्याशिवाय ‘दिनेश’ हे नाव बाजारात टिकलेच नसते. परंतु नाकारलेल्या बिडीतून नफा कमावणारा कोणी तेथे उरला नव्हता आणि पान वाचवून जिंकण्याजोगा शत्रूही नव्हता. प्राथमिक संस्थांच्या संचालकांना वळणाऱ्यांच्याच मतांवर निवडून यायचे होते आणि वर्षातून एकदा त्यांच्यापुढे हिशेब मांडायचा होता. कण्णूरच्या बिडीशाळांत एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे वळता वळता ऐकत, वादही घालीत. जो कामगार रोज सकाळी सरकारच्या धोरणावर मत देतो, तो संस्थेच्या अध्यक्षाला दुपारी पानांबद्दल प्रश्न विचारायला कचरत नाही. १९९० च्या दशकात बिडीचा खप घटू लागला तेव्हा संस्था खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे अशा उत्पादनांकडे वळली. वाईट बातमी दडवून ठेवण्याची सवय लागलेल्या संघटनेला हे वळण घेता आले असते असे मला वाटत नाही. संस्थेत सारे आलबेल होते असा दावा कोणी करू नये. कामगारसंख्या पुढे फारच घटली. पण ती बाजाराशी झालेल्या लढाईची हानी होती.

तेव्हा नेतृत्वाचा प्रभाव म्हणजे पुढाऱ्याच्या चारित्र्याचा तेजोवलय नव्हे. सदाचारी व्यक्ती वर बसली तरी तिला जर फक्त वरच जबाब द्यायचा असेल, तर खालून तिच्याकडे खोटेच येत राहील आणि तिला ते कळणारही नाही. दुसऱ्या बाजूस, खालच्यांना प्रश्न विचारता येतो एवढ्यानेही भागत नाही. प्रश्न विचारणाऱ्याची नोकरी, बढती, बदली सुरक्षित हवी आणि लक्ष्य ठरवण्यात त्याचा हात हवा. यात कामगारांचीही एक जबाबदारी येते, ती संघटनेने स्पष्ट बोलायला हवी. दबाव होता म्हणून खोटे आकडे भरणाऱ्याचा बचाव करणे संघटनेचे काम आहे. पण दबाव नसताना सोबत्याची चहाडी करणाऱ्याला, दुसऱ्याचे काम आपल्या नावावर चढवणाऱ्याला केवळ सभासद म्हणून पाठीशी घालणे हे तिचे काम नाही.

आणि आपल्या स्वतःच्या कचेऱ्या? वर्षअखेरीस सभासदसंख्येचा तक्ता वर पाठवताना, सभेला आलेल्या लोकांचा आकडा कळवताना, वर्तमानपत्राचे वर्गणीदार मोजताना आपल्या समित्यांत कोणते वातावरण असते, याचा विचार वाचक साथींनी आपापल्या ठिकाणी करावा. ज्या जिल्ह्याने ‘संख्या घटली’ असे खरे कळवले त्याला बैठकीत कोणते प्रश्न विचारले जातात आणि ज्याने फुगवून कळवले त्याला कोणते, एवढे जरी आठवून पाहिले तरी पुष्कळ कळेल.

बँकांकडे परत येऊ, कारण तेथे आज काही ठोस करण्याजोगे आहे. वेल्स फार्गोच्या कर्मचाऱ्यांजवळ संघटना नव्हती. बँक-कामगारांची एक समिती विक्रीचे कोटे बंद करा म्हणून २०१६ च्या आधीपासून ओरडत होती, पण तिला वाटाघाटीचा अधिकार नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथील एका शाखेने मतदान करून कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेत प्रवेश केला. त्या बँकेतली ती पहिलीच संघटित शाखा. आपल्या बँक-कर्मचाऱ्यांजवळ १९४६ पासून अखिल भारतीय संघटना आहे. एवढेच नव्हे, १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने बँकेच्या संचालक मंडळावर कामगारांचा एक आणि अधिकाऱ्यांचा एक असे दोन संचालक घेण्याची तरतूद केलेली आहे. वरच्या टेबलावर खालचा माणूस बसवण्याची ही जागा कष्टाने मिळवलेली होती. २०१४ नंतर मुदती संपत गेल्या तशी ही पदे एकामागून एक रिकामी होत गेली आणि वर्षानुवर्षे भरली गेली नाहीत. कोट्यवधी खात्यांत एकेक रुपया टाकला जात होता त्या काळात, ज्याने संचालक मंडळात उभे राहून ‘हा आकडा खोटा आहे’ असे सांगायचे, त्याची खुर्ची बहुतेक बँकांत मोकळी झालेली होती. ती भरून घेण्याची मागणी आपल्या संघटना करीतच आहेत, न्यायालयांतही गेल्या आहेत. पण वेतन-वाटाघाटीच्या मागणीपत्रकात ती शेवटच्या पानावर असते. ती पहिल्या पानावर यायला हवी, आणि तिच्या जोडीला हेही की, शाखेला दिलेले प्रत्येक लक्ष्य लेखी असावे, त्याखाली देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव असावे आणि ते अशक्य आहे असे कळवणाऱ्या कर्मचाऱ्याची वर्षभर तरी बदली करता येऊ नये.